पुसलेल्या नंबराची गाडी

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५
चौल

अकरा मार्चनंतर या वहीत मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. एकोणीस वर्षांत एवढा खंड कधी पडला नव्हता. त्याबद्दल क्षमा मागायची तर कोणाची, हे ठरत नाही. वहीची मागणं पोरकट वाटतं आणि माणसांची मागायचा माझा विचार नाही. उरलेली पानं कोरी जाऊ नयेत म्हणून मृत्युपत्र इथेच लिहिते. त्याला स्टँप पेपर लागत नाही, हे मी विचारून घेतलं आहे.

मी, मृणाली धर्मा घरत, वय पंचेचाळीस, एम.ए., अविवाहित, अलिबागच्या एका महाविद्यालयात सहायक ग्रंथपाल. सोमवारी पनवेलला माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणाले आणि लगेच सहीसाठी चार पानी फॉर्म पुढे केला. माझं डोकं ठिकाणावर आहे. हे लिहिताना कोणी माझा हात धरलेला नाही. हात धरता येईल इतक्या जवळ या घरात माझ्या कोणी बसतही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे लिहिताना जे खोडेन ते वाचता येईल असंच खोडेन.

कलम १. माझं शरीर. दहन चौललाच करावं. अग्नी माझा धाकटा भाऊ परेश धर्मा घरत याने द्यावा. त्याच्याकडून आजवर कुठलंच काम नीट झालेलं नाही, पण हे बिघडवण्यासारखं नाही. दहाव्याला जेवणावळ नको. मी आजारी असताना जे विचारपूस करायला आले नाहीत, त्यांना माझ्यानंतर वडे खायला बोलावू नये.

कलम २. घर. हे घर बाबांनी माझ्या आणि परेशच्या नावावर निम्मं-निम्मं केलं. माझा निम्मा हिस्सा मी माझी भाची, परेशची मुलगी प्राप्ती हिला देते. परेश आणि त्याची बायको शिवानी यांनी तिथे खुशाल राहावं. मात्र माझ्या दोन खोल्यांत खिळा मारायचा झाला तरी मुलीची परवानगी घ्यावी. बापाने मुलीला विचारून काही करावं, हा प्रकार या घराण्यात अजून झालेला नाही. माझ्यापासून सुरुवात होऊ दे.

हे सूड म्हणून लिहिते आहे का, असं मी स्वतःला विचारलं. थोडं आहे. पण प्राप्ती लायक आहे, त्यामुळे कलम तसंच राहील.

कलम ३. पुस्तकं आणि बँकेतली शिल्लक. दोन्ही आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला. पुस्तकांवर माझं नाव घालू नये. नाव घातलेल्या पुस्तकांना कोणी हात लावत नाही, हे मी रोज पाहते.

कलम ४. आईच्या कुड्या. दोन होत्या. तळा गावातल्या एका लग्नासाठी म्हणून शिवानीने त्या मागून नेल्या आणि परत आणली ती एक. "ताई, दुसरी कानातून कधी पडली कळलंच नाही," असं ती म्हणाली आणि पुढच्याच वाक्यात लग्नातल्या जिलेबीचं कौतुक करू लागली. उरलेली कुडी मी शिवानीला देते. ती तिने मोडू नये, जोडही करू नये. एकच ठेवावी आणि कधीमधी आरशासमोर घालून पाहावी.

कलम ५. माझी हत्यारं. पान्यांचा संच, जॅक, दोन पॉलिशपेपरचे गठ्ठे, मल्टीमीटर आणि टॉर्च. ही सगळी रेवदंड्याचे मेकॅनिक श्री. दयाराम भोईर यांना. बाई पान्याला हात लावते म्हणून ते कधी हसले नाहीत. एवढ्या एका गोष्टीसाठी.

कलम ६. गाडी. याला जरा जागा लागेल.

बाबांची पांढरी मारुती, १९९९ सालची. खाडीलगत आमचं मिठागर होतं तेव्हा बाबा तिच्यातून बांधापर्यंत जायचे आणि नमुन्याची मिठाची पोती डिकीत टाकून आणायचे. मीठ पत्रा खातं म्हणून दर मे महिन्यात ते गाडीच्या खालून, आतून, बॉनेट उघडून मिळेल तिथून जळकं ऑइल फासत. आमच्याकडे होडीला डांबर लावतात तसं. वीस वर्षं त्या ऑइलवर धूळ, धुळीवर मीठ, मिठावर पुन्हा ऑइल, असे थर बसत गेले.

परेश सोळाचा झाला तेव्हा बाबांनी त्याला गाडी शिकवली. मी तेव्हा तेवीस वर्षांची, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. मला पण शिकवा म्हटल्यावर बाबा म्हणाले, "तुला कुठं जायाचं हाय?" ते रागावून बोलले नव्हते. खरंच कुतूहलाने विचारलं होतं.

२०१९ला गाडीच्या नोंदणीची मुदत संपली, बाबा आजारी पडले आणि गाडी आंब्याखाली ताडपत्रीत गेली. २०२१ला बाबा गेले. परेश भंगारवाल्याला घेऊन आला. मी म्हटलं, गाडी मला दे. "घे की," तो म्हणाला, "कोंबड्यांना बरी हाय." मी वारस म्हणून ती रीतसर माझ्या नावावर केली. त्रेचाळिसाव्या वर्षी लायसन्स काढलं आणि डिसेंबर २०२३पासून दर रविवारी दयारामकाकांना रेवदंड्याहून बोलावून गाडी पुन्हा पास करून घेण्याच्या कामाला लागले.

चौदा महिने. नवा सायलेन्सर, चारही ब्रेक, वायरिंग, टायर, सडलेल्या तळाला वेल्डिंग, मागच्या दिव्यांच्या काचा. तपासणीला काय काय बघतात त्याची यादी मी टाइप करून व्हरांड्याच्या खांबाला चिकटवली होती. एकेक ओळ झाली की लाल रेघ. जाता-येता परेश वाचायचा. "हॉर्न वाजला का गं? मग अर्धा रस्ता झाला." शेजारच्यांना सांगायचा, "आमची ताई गाडीला पीएच.डी. करतेय." कागद पूर्ण होईपर्यंत गाडी रस्त्यावर चालवायची नाही हा माझा नियम. म्हणून तपासणीला ती टेम्पोवर चढवून पेणला न्यायचं ठरवलं, तेव्हा त्याने फाटकात उभं राहून विचारलं, "बेंजो सांगू का वरातीला?"

या चौदा महिन्यांत परेशने गाडीला हात लावला तो एकदाच, फेब्रुवारीतल्या एका रविवारी. स्वतःचा ग्राइंडर घेऊन आला आणि बॉनेटखालचा सगळा थर आणि गंज काढून दिला. गाडीचा चेसिस नंबर, म्हणजे कारखान्यात पत्र्यावर ठोकलेला तिचा जन्माचा नंबर, तिथेच इंजिनामागच्या पत्र्यावर होता, थराखाली. तो त्याने गंजाबरोबर घासून टाकला.

११ मार्चला पेणला आरटीओच्या इन्स्पेक्टरनी त्या जागी कागद धरला आणि वरून पेन्सिल फिरवली. नंबर असेल तर आकडे कागदावर उठतात. कागद सगळा सारखा काळा झाला. त्यांनी दुसरा कागद घेतला. तोही तसाच. मग ते सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, गाडी छान केलीत. पण ही तीच गाडी आहे, हे आता गाडी सांगू शकत नाही. नंबर कसा गेला त्याचा पोलीस रिपोर्ट आणा, मग नवा ठोकायची परवानगी मागता येईल."

त्याच दिवशी मी पोलीस ठाण्यात जबाब दिला. माझा भाऊ परेश याने मला न विचारता, माझ्या गाडीचा नंबर हेतुपुरस्सर ग्राइंडरने नष्ट केला. दुसऱ्या दिवशी परेशला बोलावलं. त्याने नाकारलं नाही. "व्हय, मीच केला," असं तो म्हणाल्याचं मला तिथल्या हवालदाराने सांगितलं. म्हणजे हा माझा नुसता आरोप नाही, त्याची कबुली नोंदलेली आहे. मृत्युपत्रात मी पुराव्याशिवाय लिहीत नाही.

याचा एक परिणाम झाला, तोही इथे नोंदवते. परेशला आगरदांड्याहून खाडीपलीकडच्या बंदरावर क्रेन चालवण्याची नोकरी लागली आहे. नेमणुकीचं पत्र आलेलं आहे. त्यांना पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा आहे, आणि माझा जबाब उभा असेपर्यंत तो मिळत नाही. कंपनीने एकदा मुदत वाढवली. आता तीस नोव्हेंबरनंतर ते दुसरा माणूस घेतील. दिवाळीत शिवानी माझ्या दारात आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, "ताई, तुम्ही एकदा जाऊन दोन शब्द बदलून आलात तर."

मी म्हटलं, "जबाब म्हणजे काय बाजाराची यादी आहे, कोथिंबीर नको, मेथी आणा?"

ती गेली. मला वाक्य चांगलं जमल्याचा आनंद दोन दिवस पुरला.

तर, ही गाडी मी परेशला देते. नंबर नसल्याने ती रस्त्यावर चालवता येणार नाही आणि विकताही येणार नाही. कायद्याने भंगारातही काढता येणार नाही, कारण भंगारात काढायची तर नंबराचा पत्रा कापून जमा करावा लागतो. ती फाटकासमोर आंब्याखाली उभी राहील. परेशने दर मेमध्ये तिला जळकं ऑइल लावावं. तो घरातून बाहेर पडेल त्या प्रत्येक वेळी ती त्याला दिसावी, एवढीच माझी इच्छा आहे.

कलम ७. माझ्या एकोणीस वह्या न वाचता जाळाव्यात.

इथे मृत्युपत्र संपत होतं. साक्षीसाठी मी दयारामकाकांना चार वाजता चहाला बोलावलं होतं. दुसरे साक्षीदार शेजारचे भिकू ठाकूर, तेही आले. पुढे जे झालं ते लिहिल्याशिवाय वरच्या मजकुराला साक्ष मिळत नाही, म्हणून लिहिते.

मी आधी सांगितलं, "काका, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीला सही करू नये. तुम्हाला हत्यारं दिली आहेत. मी दुसरं कोणी बघू का?"

"काय पाने देतेस मला?" काका म्हणाले. "माझे मलाच उचलवत न्हाईत. ते खोड, मी सही करतो. पन वाचून करीन."

"वाचायची गरज नसते. मी माझी सही तुमच्यासमोर केली, एवढीच साक्ष द्यायची असते."

"तुमच्या कायद्यात नसंल गरज," असं म्हणून त्यांनी चष्मा लावला. कलम ५ मी त्यांच्यासमोर खोडलं. ते बोट फिरवत सावकाश वाचत होते. भिकूभाऊंनी चहा बशीत ओतून संपवला, दुसरा मागितला, तोही संपवला. जिलेबीच्या ठिकाणी काका हसले. सहावं कलम त्यांनी दोनदा वाचलं. मग वही मिटून मांडीवर ठेवली.

"बाय, ह्यात एक खोटं हाय."

"कुठलं?"

"तुला म्हाईत हाय."

"परेशने ठाण्यात स्वतः कबूल केलंय, काका."

"केलंय. टॉर्च कोनाच्या हातात होती त्या दिवशी?"

भिकूभाऊ उठायला लागले तर काकांनी त्यांना बसवलं. "साक्षीदार हायेस ना तू? मग बस." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, ते म्हणाले, "तो पत्र्याशी थांबला व्हता. मशीन बंद केली त्यानं. म्हनला, ताई, हितं कायतरी ठोकल्यागत लागतंय, हे र्‍हाऊ दे. मी मागच्या चाकाशी व्हतो, बहिरा नव्हतो. तू टॉर्च हितं मारलीस आन काय म्हनलीस?"

काय म्हटलं ते मला पाठ आहे. "तू डोकं चालवू नकोस. मला इथला पत्रा लख्ख दिसला पाहिजे."

यादीत 'गंज नसावा' अशी ओळ होती. ती मी एवढी तंतोतंत पाळली.

"मग त्यानं कबूल का केलं?" मी विचारलं. "बहीण म्हणाली म्हणून केलं, असं सांगायचं होतं."

"मी त्येच म्हनलो त्याला. तर म्हनला, काका, नंबर घासायला सांगितला म्हनून ताईवरच केस लागंल. तिची कॉलेजची नोकरी हाय, लिहिन्या-वाचन्याची. माझं काय, मी असाच हाय. आन मला शपथ घातली, कुनाला बोलायचं न्हाय. आठ महिनं नाय बोललो. आता तू मरायचे कागद करायला बसलीस म्हनून बोलतो. सोमवारी तुझं कायबी झालं तं तुझा जबाब तसाच र्‍हाईल. कागदाला उलटं कोन विचारनार?"

खरं सांगायचं तर हे मला आधीच सुचलं होतं. मी मेले की तो जबाब कोणालाच बदलता येणार नाही, हे सहावं कलम लिहिताना माझ्या डोक्यात होतं आणि ते मला वाईट वाटलं नव्हतं. वर मी लिहिलं आहे की गाडी परेशला रोज दिसावी एवढीच माझी इच्छा आहे. एवढीच नव्हती.

मृत्युपत्र खोट्यावर उभं राहू नये, म्हणून खालील पुरवणी.

पुरवणी कलम ६ अ. गाडीचा नंबर परेशने हेतुपुरस्सर नष्ट केला हे खोटं आहे. तो नंबर माझ्या सांगण्यावरून, मी टॉर्च धरलेली असताना, त्याने हटकल्यानंतरही गेला. पोलिसांना दिलेला माझा जबाब खोटा आहे आणि देतानाही तो खोटा असल्याचं मला ठाऊक होतं. 'रागाच्या भरात' असं मी लिहिलं होतं, ते खोडलं आहे. पेणहून चौलला टेम्पोत बसून येईपर्यंत राग उतरला होता. चौदा महिने खपून मी काहीतरी पूर्ण केलं होतं आणि ते माझ्याच हाताने गेलं, हे परेशला कळलं असतं तर तो हसला असता. त्याचं हसणं मला सहन झालं नसतं म्हणून मी त्याला ठाण्यात पाठवलं.

तो हसला नसता, असं आता दिसतं. मला ते आठ महिन्यांपूर्वी दिसायला हवं होतं. पण माझ्या वतीने गुन्हा अंगावर घ्यायचा अधिकार त्याला कोणी दिला, हाही प्रश्न आहेच. बाबांनी त्याला गाडी चालवायला दिली तशी मला ही दया देऊन तो मोकळा झाला. मी मागितली नव्हती.

पुरवणी कलम ६ ब. गाडी परेशला नाही. नंबर पुन्हा ठोकण्याचा अर्ज मी भरून, सही करून या वहीत ठेवला आहे. परवानगी मिळून गाडी पास झाली तर ती प्राप्तीची. तिला चालवायला परेशने शिकवावं. त्याने शेजारच्या सीटवर बसावं, ओरडू नये, आणि तुला कुठे जायचंय असं तिला विचारू नये.

पुरवणी कलम ७ अ. वह्या जाळाव्यात हे कायम. ही एक वगळून. ही परेशने वाचावी. जिथे त्याच्याबद्दल वाईट लिहिलं आहे ते सगळं मागे घेतलेलं नाही, हे त्याने लक्षात ठेवावं.

कलम १, २, ३ आणि ४ जशीच्या तशी. शिवानीची कुडी एकच.

काकांनी पुरवणी वाचली. "कुडीचं कशाला ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

"ते खरं आहे म्हणून."

"मग ठेव," ते म्हणाले आणि पेन मागितलं. सही करताना माझ्याकडे न बघता त्यांनी एवढंच विचारलं, "मेल्यावर वाचतील तेव्हा पोराची नोकरी परत येईल का गं?"

भिकूभाऊ म्हणाले, "तीस तारीख हाय ना त्याची?"

दोघांच्याही प्रश्नाचं उत्तर या कागदात मावण्यासारखं नव्हतं.

वरचा सगळा मजकूर, खोडलेल्या ओळींसह, माझ्या हातचा आहे. मी तो दोन्ही साक्षीदारांना वाचायला दिला आणि त्यांच्यादेखत सही केली. त्यांनी माझ्यादेखत केली.

मृणाली धर्मा घरत (सही)

साक्षीदार
१. दयाराम भोईर, रेवदंडा (सही). हत्यारांवरचा हक्क सोडला आहे.
२. भिकू ठाकूर, चौल (सही)

ठिकाण : चौल, ता. अलिबाग, जि. रायगड
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

उद्या : सकाळी ठाण्यात जाऊन जबाब बदलणे. परेशला न सांगता.